मागेपुढे दोन्हीकडे चालतो

चेनवाल्याला दयेचा तिटकारा होता, आणि गल्लीत तर दयेचा नुसता सुकाळ. कंबरेखालचं शरीर निकामी झालं त्यानंतरची दोन वर्षं त्याला नाव असं उरलंच नव्हतं. सगळे 'बिचारा' म्हणायचे. बिचाऱ्याकडे जाऊन आलो, बिचाऱ्याची बायको दिसली, बिचारा खिडकीत बसला होता. अठरा वर्षं बॅगांच्या कारखान्यात चेन बसवलेला माणूस हा. बोलायला तिखट, हाताला तयार, सुपरवायझरलाही 'तुम्हाला त्यातलं कळत नाही' असं तोंडावर सांगणारा. पण पाय गेल्याबरोबर लोकांनी ठरवून टाकलं, की याची जीभही गेली असणार आणि अक्कलही. त्याच्यासमोर त्याच्या बायकोला विचारायचे, 'जेवतात का नीट?' जणू तो घरात पाळलेला पोपट.

अपघात झाला तो मालाच्या लिफ्टचा. कारखाना तीन मजल्यांचा, वर शिलाई आणि खाली गोदाम. लिफ्टच्या दारावर पाटी होती, 'फक्त मालासाठी, माणसांनी जाऊ नये'. आता माल काय आपणहून उठून लिफ्टमध्ये जाऊन बसणार होता? सुपरवायझर रोज स्वतः उभा राहून बॅगांबरोबर माणसं आत घालायचा. ज्या दिवशी लिफ्टची तार तुटली, नेमकी त्याच दिवशी सगळ्यांना ती पाटी वाचता यायला लागली. इस्पितळात मालकाचा माणूस फळांची पिशवी घेऊन आला, चार गोड शब्द बोलला आणि पिशवीखालून एक कागद काढला. चेनवाला गुंगीत होता. सही करा म्हणाले, केली. घरी आल्यावर बायकोने कागदाची प्रत वाचून दाखवली: 'मी सूचना डावलून, स्वतःच्या चुकीने लिफ्टमध्ये शिरलो.' कारखान्याने तेवढ्यावर हात झटकले ते झटकलेच.

पाय गेल्याचं दुःख होतंच. पण रात्रंदिवस त्याला खायची ती सही. खोटं कोणीतरी लिहिलं हे एक झालं, आपण त्याच्याखाली आपलं नाव घातलं हे त्याला सहन होत नव्हतं. बायकोला तो पुन्हा पुन्हा सांगायचा, आता वाचल्याशिवाय मी कशावर सही करायचो नाही, अगदी तू यमाचं बोलावणं आणलंस तरी.

मग सरकारचा अपंग भत्ता सुरू झाला आणि त्याच्याबरोबर इस्पितळाचं कार्ड आलं. भत्त्यात घर कसंबसं रेटलं जायचं. खरा जीव होता तो कार्डात. एका जागी बसून बसून त्याला खाली जखमा व्हायच्या, आणि गंमत अशी की त्या त्याला दुखायच्या नाहीत, त्यामुळे फार उशिरा कळायच्या. त्यांचं ड्रेसिंग, नळ्या, गादी, औषधं, सगळं त्या कार्डावर. एकदा एक जखम चिघळली तेव्हा बायको तीन महिने दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवत होती. तिची पाठ तेव्हापासून जी धरली ती धरलीच.

सल्ल्यांना मात्र कधी तोटा नव्हता. बायकोचा भाऊ, म्हणजे मेहुणा, दर रविवारी येऊन खुर्चीत पसरायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. एकदा म्हणाला, 'दाजी, आता तुम्ही स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे.' म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली, पण शब्द सुटला तो सुटला. चेनवाला म्हणाला, बरं, आधी तू बाजूला हो, म्हणजे मला उठायला जागा होईल. पुढच्या रविवारी मेहुण्याने मेणबत्त्या बनवायचं पुस्तक आणलं. त्याच्या पुढच्या रविवारी कागदी पाकिटं बनवायचं. या लोकांच्या डोक्यात हे कोणी भरवलंय देव जाणे, की माणसाचे पाय गेले की त्याला आपोआप मेणबत्त्या जमायला लागतात.

धंदा सुरू झाला तो बायकोच्या पर्समुळे. ती बाजारातून वैतागून आली, पर्सची चेन मध्येच अडकली होती आणि किल्ली आत होती. नवीनच घ्यावी लागणार म्हणून कुरकुरत होती. चेनवाल्याने पर्स मागून घेतली. चेनीवर जो पुढेमागे सरकतो त्याला या कामात रनर म्हणतात. वापरून वापरून रनरचं तोंड फाकतं आणि मग तो दातांवरून जातो, पण दात मिटत नाहीत. लोकांना वाटतं चेन गेली. चेन कुठे जाते? रनर जातो. रनर पकडीने जरासा दाबायचा, किती ते हाताला कळायला पाहिजे, कारण जास्त दाबला तर तुटतो. त्याने दाबला, दातांवर मेणबत्ती घासली आणि पर्स बायकोच्या हातात दिली. तिने चेन उघडली, मिटली, परत उघडली. म्हणाली, अहो, हे तर तुम्हाला येतं. दोन वर्षांत या घरात कोणी त्याला असं म्हणालं नव्हतं. घरात आणखी काय काय अडकलंय, असं त्याने विचारलं.

आठवड्याभरात पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी टेबल लागलं. पकड, चिमटा, बारीक कानस, सुया, जाड दोरा, आणि नंबरवार डब्यांत रनर: तीन नंबर पर्सला, पाच नंबर जॅकेटला, आठ आणि दहा मोठ्या बॅगांना. बायकोने कारखान्याच्या मागच्या भंगारवाल्याकडून फुटक्या बॅगा आणून त्यांचे रनर सोडवून घेतले. बसवलेल्या प्रत्येक रनरच्या पोटाला तो कानशीने दोन बारीक खाचा मारायचा. ही कारखान्याची सवय. तिथे प्रत्येक कारागिराला आपली खूण मारावी लागे, म्हणजे बॅग परत आली की कोणाला धारेवर धरायचं ते कळे. त्याची खूण दोन खाचांची. अठरा वर्षांत त्या खुणेची एकही बॅग परत आली नव्हती, आणि हे तो विचारलं नाही तरी सांगायचा.

गिऱ्हाईक यायला लागलं. पण दया काही पाठ सोडेना. लोक चेन बघायच्या आधी चाकाची खुर्ची बघायचे. आवाज एकदम खाली जायचा, मान तिरकी व्हायची. 'सावकाश करा हो, घाई नाही.' एकाने तर काम न बघताच 'छान, छान' म्हटलं. कळस केला वरच्या मजल्यावरच्या काकूने. ती एक बॅग घेऊन आली, चेन बिघडलीय म्हणाली. चेनवाल्याने चेन चार वेळा फिरवून बघितली. ठणठणीत होती. काकू दारात उभी राहून त्याच्याकडे असं बघत होती, जणू देवळाच्या पायरीवर काहीतरी ठेवून आलीय आणि आता पुण्य जमा होतंय. त्याने बॅग तिच्या हातात परत दिली आणि म्हणाला, काकू, बिघडली की आणा. काकू रागावली. तिचं पुण्य परत आलं ना.

त्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं, उद्यापासून मला चाकाच्या खुर्चीत बसवायचं नाही. साध्या खुर्चीत बसव, टेबलावरून जमिनीपर्यंत चादर सोड, आणि ती खुर्ची आतल्या खोलीत ढकल. बायको म्हणाली, कशाला ही नसती उठाठेव, माझ्या पाठीचा विचार करा. पण त्याने ऐकलं नाही. रोज सकाळी ती त्याला उचलून साध्या खुर्चीत ठेवायची, चादर नीट करायची. मग जो यायचा त्याला टेबलामागे बसलेला एक कारागीर दिसायचा. 'उद्या देता का?' म्हणून लोक घाई करायला लागले, 'मागच्या वेळी शिवण वाकडी आली होती' म्हणून भांडायलाही लागले. चेनवाला खूश. शिव्या खाल्ल्या तर कारागीर म्हणून खाल्ल्या, यात त्याला जेवणापेक्षा जास्त समाधान होतं.

आता भत्त्याचा एक नियम होता. घरबसल्या छोटासा धंदा करायला हरकत नाही, पण महिन्याभरात लेखी कळवायचं. मेहुण्याला हे कळल्यावर तो हसत सुटला. कळवतं कोण, म्हणाला, अख्खं जग गुपचूप करतंय. बायकोचंही तेच. 'आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ नका,' ती म्हणाली. चेनवाला म्हणाला, मारला तरी मला कुठे कळणार आहे. ती हसली नाही. तिचं एकच म्हणणं होतं: कार्ड गेलं तर काय? पण एका खोट्यावर सही करून बसलेला माणूस तो, दुसरं खोटं गप्प बसून करायला तयार नव्हता. त्याने पत्र लिहिलं: 'मी घरी चेन दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला आहे, कृपया नोंद घ्यावी.' दोनदा वाचलं, मग सही केली.

ऑफिसने नोंद घेतली. म्हणजे चौकशीला माणूस पाठवला.

हा चौकशीवाला आला तो एका सकाळी, घामाने निथळत. बायको नेमकी इस्पितळात औषधं आणायला गेलेली. चेनवाला टेबलामागे, चादर जमिनीपर्यंत, चाकाची खुर्ची आतल्या खोलीत. चौकशीवाल्याने दारातूनच सांगितलं की आज आठ घरं आहेत, तेव्हा पटपट उरकू. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि फॉर्म काढायला त्याने मांडीवरची फुगलेली काळी बॅग उघडायला घेतली, तर चेन अडकलेली. त्याने ओढली. परत ओढली. मग दात ओठ खाऊन ओढली.

चेनवाल्याला बघवेना. 'ओढू नका,' तो म्हणाला. 'द्या इकडे.'

अस्तराचा कपडा दातांत गेला होता आणि रनर पार फाकला होता. त्याने कपडा सोडवला, फॉर्म काढून दिला, आणि म्हणाला तुमचं चालू द्या, मी हे करतो. आठ नंबरचा रनर काढला, खाचा मारल्या, टोकाकडून चढवला. चौकशीवाल्याने चष्मा लावला, फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि रकाने जसेच्या तसे वाचत लिहायला लागला. त्याची मान फॉर्ममध्ये, याची बॅगेत. समोर बसलेल्या माणसाकडे बघून लिहावं हे या नोकरीत शिकवत नसावेत. नाव झालं, वय झालं, व्यवसाय कोणता ते झालं, जागा कोणाची ते झालं. चेनवाला नवा रनर फिरवून बघत होता.

'चालतो का?' चौकशीवाल्याने वाचलं.

'चालतो की,' चेनवाला म्हणाला. 'मागेपुढे दोन्हीकडे चालतो.'

चौकशीवाल्याने लिहिलं. 'चालताना त्रास?'

'आधी अडत होता. आता नाही.'

'आधार लागतो?'

'कसला आधार? एका बोटावर चालतो. वर्षभर तरी तुम्हाला बघायला नको.'

चौकशीवाल्याने तेही लिहिलं. सही घेतली नाही, अहवालाला म्हणे लागत नाही. बॅग उघडली, मिटली, वा म्हणाला आणि खिशात हात घातला. एरवी शेजाऱ्यालाही काम फुकट न देणारा चेनवाला म्हणाला, राहू द्या. त्याला आतून बरं वाटत होतं. दोन वर्षं सरकारकडून घेत होता, आज त्याने सरकारला काहीतरी दिलं होतं. बायको आल्यावर फुशारकी मारून सांगितलं, की माणूस चांगला होता, उगाच घाबरत होतीस.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बायकोने उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसून परत वाचलं. 'चौकशी अहवालानुसार लाभार्थी चालतो. मागेपुढे दोन्हीकडे चालतो. पूर्वी त्रास होता, आता नाही. आधार लागत नाही, एका बोटावर चालतो. सबब भत्ता व त्यासोबतच्या सर्व सवलती थांबवण्यात येत आहेत.'

आधी चेनवाला हसला. एका बोटावर चालतो! सर्कशीतही नसेल असा माणूस, आणि एवढं लिहिताना, वाचताना, टाइप करताना, शिक्का मारताना अख्ख्या ऑफिसात एकाचीही भुवई वर गेली नाही. मग सवलती म्हणजे कार्डही, हे लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी विरलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. त्याच्या तळपायाला आग लागली असती तरी कळायची सोय नव्हती, पण मस्तकात ती पोचली.

बायको एवढंच म्हणाली, 'चादर कोणी सोडायला सांगितली होती?'

चौकशीवाल्याला दोष द्यायला तोंड भरून शब्द होते, आणि ते त्याने दिलेही. पण पाय लपवले होते ते त्याने स्वतः.

गल्लीचं तर विचारूच नका. दोन वर्षं ज्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं त्याच लोकांना आता शंका यायला लागल्या. टेबलाखाली पाय कधी कोणी बघितलेत का? हातात एवढी ताकद कुठून येते? वरची काकू जिन्यात उभी राहून सांगत होती, की मला आधीपासूनच काहीतरी वाटत होतं, भलत्याच माजात बोलतो. बिचारा म्हणणारी तोंडं एका आठवड्यात ठग म्हणायला लागली. त्यांना काय, काहीतरी म्हणायला मिळाल्याशी कारण. इस्पितळाच्या खिडकीवरून बायको रिकाम्या हाताने परत आली, कार्ड बंद झालंय म्हणाले. त्याच आठवड्यात तिला त्याच्या पाठीखाली एक लालसर डाग दिसला. जखमेची सुरुवात अशीच व्हायची. आतली खुर्ची तिने ओढत पुढच्या खोलीत आणली, त्याला तिच्यात बसवलं आणि म्हणाली, ऑफिसात चला.

ऑफिस तळमजल्यावर होतं, उताराचा रस्ताही बांधलेला होता, आणि त्या उतारावर जुनी कपाटं रचून ठेवलेली होती. दोन शिपायांनी कुरकुरत खुर्ची उचलून पायऱ्या चढवल्या. आत एक मॅडम होत्या, टेबलावर फायलींची भिंत. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण त्यांना दुपारपर्यंत ती भिंत संपवायची होती. चौकशीवाला बाजूला बसलेला, मांडीवर तीच काळी बॅग. मॅडमनी अहवाल वाचला, खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं, परत अहवालाकडे बघितलं. चौकशीवाला पटकन म्हणाला, खुर्चीत बसून काय कोणीही येऊ शकतं, मी गेलो तेव्हा हे साध्या खुर्चीत बसले होते, आणि चालतो असं यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

चेनवाल्याने शांतपणे सांगितलं, की ते मी रनरबद्दल बोलत होतो, यांच्या बॅगेच्या. चौकशीवाल्याने कानावर हात ठेवले. लाभार्थ्याकडून फुकट काम करून घेणं नियमात बसत नव्हतं ना. म्हणाला, मी कधी यांच्याकडे बॅग दिलीच नाही, बॅग माझी चांगलीच आहे.

'चांगली आहेच,' चेनवाला म्हणाला. 'मॅडम, त्या रनरचं पोट बघा. दोन खाचा आहेत. माझ्या आहेत त्या.'

आणि शर्टाच्या खिशातून त्याने चार रनर काढून टेबलावर ओळीने मांडले, पोटं वर करून. मॅडमनी हात पुढे केला. बॅग द्यायला चौकशीवाल्याला बराच वेळ लागला. मॅडमनी रनर उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, मग टेबलावरच्या चारही रनरकडे बघितलं. मग त्यांनी अहवाल पहिल्यापासून वाचला, या वेळी माणसाचा नाही, बॅगेचा म्हणून. एका बोटावर चालतोपाशी आल्यावर त्यांना रुमाल तोंडाला लावावा लागला. चौकशीवाला टेबलाच्या पायाकडे बघत बसला. आठ घरं उरकणाऱ्याचं एक घर त्याच्या गळ्यात आलं होतं.

इथे हे संपायला हवं होतं. पण ऑफिस ते ऑफिसच. चूक कबूल करायची तर तिलाही फॉर्म लागतो. कारकुनाने दुरुस्तीचा फॉर्म भरून आणला आणि चेनवाल्यापुढे ठेवला, इथे सही करा म्हणाला. पेनही हातात दिलं. चेनवाल्याने फॉर्म मागे उभ्या असलेल्या बायकोकडे दिला आणि वाच म्हणाला. कारकून हसला, अहो दोनच ओळी आहेत. बायकोने वाचल्या.

लाभार्थी: चालत नाही.

व्यवसाय: वरीलप्रमाणे.

चेनवाल्याने विचारलं, वरीलप्रमाणे म्हणजे? कारकून म्हणाला, म्हणजे तोही चालत नाही. चेनवाला म्हणाला, तो चालतो. कारकुनाने मॅडमकडे असं बघितलं, की याला सांगा काहीतरी.

मॅडमनी सांगितलं, आणि चांगल्या मनाने सांगितलं. दोन्ही चालत नाही असं असलं तर त्यांच्या सहीने काम आजच्या आज होतं, उद्यापासून कार्ड सुरू. पण व्यवसाय चालतो म्हटलं की फाइल वर समितीकडे जाते. समिती म्हणजे तीन महिने, कदाचित जास्त. देतील बहुतेक, नियमात बसतंय, पण तोपर्यंत सगळं बंद. कोण बघायला येतंय धंदा चालतो का नाही, सही करून मोकळे व्हा.

चेनवाल्याने पेन कागदावर आणलं. एका सहीचा प्रश्न. पाठीखाली तो लाल डाग होता, त्याला न दुखणारा. तीन महिन्यांत तो कुठवर जाईल हे त्याला माहीत होतं, आणि दर दोन तासांनी कोणाला उठावं लागेल हेही. स्वतःच्या जिवावर तो कधीच उदार झाला असता. पण हा हिशेब एकट्याचा नव्हता, आणि मागच्या वेळी पत्र धाडताना त्याने तिला विचारलं कुठे होतं? ऐकून घेतलं होतं फक्त. त्याने मान वळवता येईल तेवढी मागे वळवली.

'काय करू?' त्याने विचारलं.

बायकोने कागद परत एकदा वाचला. धोंडा मारून घेऊ नका म्हणणारी तीच. रोज सकाळी त्याला उचलणारी, भंगारातून रनर वेचून आणणारीही तीच. कारकून पेन परत घ्यायला हात पुढे करून उभा होता.

'खोडा ते,' ती म्हणाली. 'चालतो तर चालतो लिहा. तीन महिने मी बघते.'

त्याने 'वरीलप्रमाणे' खोडलं. वर मोठ्या अक्षरात 'चालतो' लिहिलं, दोनदा वाचलं आणि खाली सही केली. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि फाइल दुसऱ्या ढिगावर ठेवली.

तीन महिन्यांचे पावणेचार झाले. ते काही हसण्यावारी गेले नाहीत. डागाची जखम झाली, इस्पितळातल्या नर्सने चोरून शिकवल्यावर बायको घरीच ड्रेसिंग करायला लागली, आणि दोन रात्री अशा गेल्या की दोघांनाही त्या परत आठवायच्या नाहीत. मेहुणा रविवारी येऊन म्हणायचा, एका शब्दापायी दाजी? चेनवाल्याने त्याला मेणबत्त्यांचं पुस्तक परत दिलं. काम मात्र एक दिवस बंद नव्हतं. चाकाच्या खुर्चीत बसून करायचा, चादर काढून टाकली होती. कोणी 'बिचारा' म्हणून मान तिरकी केली की तो चेनीचा नंबर विचारायचा. नंबर सांगताना माणसाला मान सरळ करावी लागते.

मग समितीचं पत्र आलं. भत्ता आणि कार्ड पुन्हा सुरू, आणि खाली गोल शिक्क्यासकट दोन ओळी: 'लाभार्थी चालत नाही. व्यवसाय चालतो.' चेनवाल्याने ते पत्र किती वेळा वाचलं ते मोजायला बायकोला वेळ नव्हता. तिने सरळ चिकटपट्टी घेतली आणि पत्र खिडकीच्या काचेला आतून लावलं, रस्त्यावरून वाचता येईल असं. सरकारी शिक्क्याची जाहिरात अख्ख्या गल्लीत कोणाकडे नव्हती. चेनवाला म्हणाला, वरची ओळ दुमडून लाव, कशाला उगाच लोकांना. पत्र लावायला ज्या साध्या खुर्चीवर चढली होती तिच्यावरून ती उतरली आणि म्हणाली, दोन्ही खऱ्या आहेत ना, मग दोन्ही राहू देत. त्याच्या हातात एका जॅकेटचा पाच नंबरचा रनर होता, तो त्याने टोकाकडून चढवला.

दुपारी वरची काकू खाली उतरली. काचेसमोर थांबली, चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि वर निघून गेली. थोड्या वेळाने एक बॅग घेऊन परत आली, टेबलावर आपटली आणि उद्या सकाळीच पाहिजे म्हणाली. चेनवाल्याने चेन फिरवून बघितली. या वेळी ती खरोखरच बिघडलेली होती.